बातमीची वाट कोणाच्या हाती?

अमेरिकेतील वृत्तपत्रसम्राटांविषयी मराठीत जेव्हा काही वाचायला मिळते, तेव्हा त्याचा सूर बहुधा एकच असतो: एका धनाढ्य माणसाने वर्तमानपत्र विकत घेतले, भडक मथळे दिले, लोकमत हवे तसे वळवले आणि राजकारण्यांना दावणीला बांधले. हे सारे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मात्र गेली काही वर्षे हा इतिहास सवडीने वाचताना माझे मत असे होत गेले आहे की, या मंडळींचे खरे सामर्थ्य मथळ्यात नव्हतेच. बातमी छापखान्यातून किंवा स्टुडिओतून निघून वाचकाच्या दारापर्यंत ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर ज्याने इतरांच्या आधी नाका बसवला, तो सम्राट झाला. चांगले लिहिणारे पगारावर मिळतात आणि प्रतिस्पर्ध्याकडून फोडताही येतात. नाक्याची जागा मात्र एकदा गेली की गेली.

३ सप्टेंबर १८३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे या तरुण मुद्रकाने ‘द सन’ नावाचे छोटेखानी दैनिक एका सेंटला विकायला काढले. तोपर्यंतची प्रतिष्ठित दैनिके सहा सेंटांना मिळत. वर्षाची वर्गणी भरू शकणारे व्यापारी हा त्यांचा वाचक आणि राजकीय पक्ष हा त्यांचा आधार होता. डेने वर्गणीदारांची वाट सोडली, रस्त्यावर ओरडून अंक विकणारी मुले हाताशी धरली आणि अंकाच्या किमतीत जे सुटत नव्हते ते जाहिरातदाराकडून वसूल केले. दोनच वर्षांनी याच दैनिकाने चंद्रावर पंख असलेली माणसे दिसल्याची लेखमाला एका नामांकित खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर खपवली, आणि ती थाप उघडकीला आल्यानंतरही खपाला फारसा धक्का बसला नाही. स्वस्त अंक, रस्त्यावरची विक्री आणि जाहिरातीचे उत्पन्न ही त्रिसूत्री पुढे सर्वांनीच उचलली. तिचा चांगला उपयोगही झाला, हे नमूद केले पाहिजे. होरेस ग्रीलीच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये १८५३ साली भारतातील ब्रिटिश राजवटीवर जे लेख आले, ते लंडनमध्ये हलाखीत दिवस काढणाऱ्या कार्ल मार्क्स नावाच्या वार्ताहराचे होते, आणि त्या मानधनावर त्याचे घर चालण्यास बराच हातभार लागत होता.

जोसेफ पुलित्झर हा या इतिहासातील पहिला खरा सम्राट. हंगेरीतील माको या गावी १८४७ मध्ये जन्मलेला हा तरुण १८६४ मध्ये अमेरिकेत आला तो यादवी युद्धात सैनिक म्हणून. सेंट लुईसमध्ये वर्तमानपत्राचा धंदा शिकून त्याने १८८३ साली न्यूयॉर्कचे तोट्यातले ‘वर्ल्ड’ हे दैनिक रेल्वेसम्राट जे गूल्ड याच्याकडून ३,४६,००० डॉलरना घेतले. त्याच्याच दैनिकासाठी नेली ब्लाय या तरुणीने १८८७ मध्ये वेडेपणाचे सोंग घेऊन ब्लॅकवेल्स बेटावरील स्त्रियांच्या मनोरुग्णालयात दहा दिवस काढले आणि तिथल्या हालअपेष्टा चव्हाट्यावर आणल्या. पण पुलित्झरची धंद्याची समज मला सर्वांत स्पष्ट दिसते ती १८८५ च्या वर्गणी मोहिमेत. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सने दिला होता, मात्र त्याच्या चौथऱ्यासाठी पैसे जमत नव्हते. ‘वर्ल्ड’ने जाहीर केले की, रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव अंकात छापले जाईल. पाच महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक निधी जमला आणि देणारे होते सव्वा लाखाच्या आसपास. बहुतेकांनी एक डॉलरही दिला नव्हता. आपले नाव छापून आले का हे पाहण्यासाठी तो अंक कितीजणांनी विकत घेतला असेल, याचा अंदाज कोणीही करावा. सार्वजनिक कार्य आणि खपवाढ यांची इतकी बेमालूम सांगड क्वचितच कोणी घातली असेल.

विल्यम रँडॉल्फ हर्स्टची गोष्ट यापेक्षा अधिक सांगितली जाते आणि अधिक चुकीचीही सांगितली जाते. त्याचे वडील खाणमालक आणि सिनेटर होते. पैशाची ददात नव्हती. १८९५ मध्ये त्याने ‘न्यूयॉर्क जर्नल’ घेतले, त्याची किंमत एक सेंट ठेवली, आणि पुलित्झरच्या रविवार आवृत्तीची माणसे वाढीव पगार देऊन जवळजवळ सामूहिकपणे आपल्याकडे वळवली. त्यांत पिवळ्या अंगरख्यातील पोराचे लोकप्रिय व्यंगचित्र काढणारा रिचर्ड आउटकॉल्टही होता. पीत पत्रकारिता हे नाव त्यावरूनच पडले. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी स्पेनच्या ताब्यातील क्युबाच्या हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली आणि २६० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. कारण कळण्यापूर्वीच ‘जर्नल’ने स्पेनकडे बोट दाखवून अपराध्याचा छडा लावणाऱ्याला ५०,००० डॉलरचे बक्षीस लावले. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले. १९७६ साली ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने मात्र असा निष्कर्ष काढला की, स्फोट बहुधा जहाजाच्याच कोळशाच्या कोठारातील आगीमुळे झाला असावा.

या प्रकरणात एक तारेची कथा हमखास येते. हर्स्टने क्युबात पाठवलेल्या चित्रकाराला ‘तू चित्रे पाठव, युद्ध मी पुरवतो’ अशा आशयाची तार केली, असे सांगतात. या कथेचा उगम जेम्स क्रीलमन या पत्रकाराने १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आहे; ती तार आजवर कोणाला सापडलेली नाही आणि हर्स्टने ती पाठवल्याचे नाकारले होते. तरीही ही कथा टिकली, कारण ती सम्राटाविषयीच्या आपल्या समजुतीला सोयीची आहे: एक माणूस इच्छा करतो आणि देश युद्धात उतरतो. क्युबातील बंड, साखरेतील अमेरिकी भांडवल, काँग्रेसमधील (म्हणजे अमेरिकी संसदेतील) युद्धोत्सुक गट आणि अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या प्रशासनावरील दबाव एवढी सगळी कारणे सांगत बसण्यापेक्षा एक तार सांगणे सोपे जाते. खुद्द हर्स्टनेही आपल्या दैनिकात ‘जर्नलचे युद्ध कसे वाटते?’ असा प्रश्न छापून या समजुतीला खतपाणीच घातले.

त्याच युद्धाने मागे ठेवलेला दुसरा प्रसंग माझ्या दृष्टीने कितीतरी अधिक बोलका आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रे विकणारी मुले शंभर अंक पन्नास सेंटांना रोखीने विकत घेत आणि एकेक सेंटला विकत. सगळे खपले तर हाती पन्नास सेंट राहत. न खपलेला अंक परत घेतला जात नसे, म्हणजे पावसापाण्याचा, निरस बातम्यांच्या दिवसांचा सारा धोका दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या माथी. युद्धाच्या काळात खप वाढला तेव्हा मालकांनी शंभर अंकांचा भाव साठ सेंट केला. मागणी जोरात असेपर्यंत मुलांनी तो सोसला. युद्ध संपल्यावर बऱ्याच दैनिकांनी भाव पूर्ववत केला. पुलित्झर आणि हर्स्ट या दोघांनी केला नाही. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे दहा सेंटांच्या या प्रश्नावर मात्र एकमताने अडून बसले. अंक सगळे खपले तरी मुलांच्या कमाईतला पाचवा हिस्सा त्यामुळे जात होता.

जुलै १८९९ मध्ये मुलांनी संप केला. एका डोळ्याने अधू असलेला, ‘किड ब्लिंक’ या टोपणनावाने ओळखला जाणारा पोरगा त्यांच्या म्होरक्यांपैकी एक होता. त्यांनी गाड्या अडवल्या, अंकांचे गठ्ठे फाडले, ब्रुकलिन पुलावर रहदारी रोखली आणि सभा भरवल्या. इतर दैनिकांनी या साऱ्याच्या बातम्या चवीने छापल्या, हे वेगळे सांगायला नको. ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल’चा खप धडाधड कोसळला. दोन आठवड्यांनी तडजोड झाली: भाव साठ सेंटच राहिला, पण न खपलेले अंक मालक परत घेणार असे ठरले. देशाला युद्धात ढकलल्याचे श्रेय किंवा दोष ज्यांच्या माथी मारला जातो, ते दोन सम्राट अनवाणी पोरांपुढे अर्धे का होईना नमले, याचे कारण उघड आहे. अध्यक्षांवर टीका करून खप घटत नव्हता. कोपऱ्यावर अंक घेऊन उभे राहायलाच कोणी नसेल तर मात्र तो शून्यावर येत होता.

पुलित्झर १९११ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून कोलंबिया विद्यापीठातील पत्रकारिता विभाग आणि १९१७ पासूनची पारितोषिके सुरू झाली, आणि पीत पत्रकारितेचा एक जनक सचोटीच्या पत्रकारितेचा मानदंड होऊन बसला. यात आपल्याकडचाही एक दुवा आहे. १९३७ चे वार्तांकनाचे पुलित्झर ज्या पाच विज्ञानवार्ताहरांना विभागून मिळाले, त्यांत दिल्लीत जन्मलेले आणि गदर चळवळीशी संबंध आलेले गोविंद बिहारी लाल होते, आणि ते हर्स्टच्या वृत्तसंस्थेत काम करत होते.

रेडिओने वाटेचे स्वरूपच बदलले. रस्त्यावर कितीही मुले उभी करता येत होती, पण आकाशातील लहरी मोजक्या होत्या. म्हणून १९२७ च्या कायद्याने परवाना आला आणि त्याबरोबर लोकहिताची अटही आली. डेव्हिड सारनॉफ हा झारच्या रशियातून लहानपणी आलेला आणि न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून यिद्दिश वर्तमानपत्रे विकलेला मुलगा पुढे आरसीए या रेडिओसंच बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख झाला. १९२६ मध्ये निघालेली एनबीसी ही प्रसारणसंस्था त्या कंपनीसाठी मुख्यतः संच खपवण्याचे साधन होते. सिगारच्या धंद्यातून आलेल्या विल्यम पेलीने १९२८ मध्ये सीबीएस हाती घेतले तेव्हा त्याने हिशेबच उलटा मांडला: गावोगावच्या केंद्रांना कार्यक्रम फुकट द्यायचे आणि बदल्यात त्यांच्या प्रसारणाची ठरावीक वेळ आपल्या जाहिरातदारांसाठी राखून घ्यायची. कार्यक्रम कोणाचा सरस यावर वाद घालता येईल, परंतु छोट्या केंद्रचालकाला कोणाचा करार परवडत होता यावर वाद नव्हता. सरकारच्या नियामक आयोगाने एनबीसीला केंद्रांच्या आपल्या दोन जाळ्यांपैकी एक विकायला लावले आणि १९४३ मध्ये ते एका गोळ्या-चॉकलेटवाल्या उद्योजकाने ८० लाख डॉलरना घेतले; तेच आजचे एबीसी. अशी सक्ती सरकार करू शकते हे त्या काळी सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले होते. आज ते वाचताना दुसऱ्याच देशाचा इतिहास वाचत आहोत असे वाटते.

हेन्री ल्यूसचा मार्ग टपालाचा. १९२३ मध्ये ‘टाइम’ आणि १९३६ मध्ये ‘लाइफ’ काढणारा हा मिशनऱ्याचा मुलगा चीनमध्ये वाढला होता आणि अमेरिकेच्या जगावरील कर्तव्याबद्दल त्याची मते ठाम होती. ती मते बाजूला ठेवली तरी त्याच्या साप्ताहिकांनी जगाला पाहायला शिकवले हे मान्य करावे लागते. चरख्यामागे बसून वाचन करणाऱ्या गांधीजींचे जे छायाचित्र आपल्याकडे शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींवर दिसते, ते ‘लाइफ’च्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात टिपले. छायाचित्रापूर्वी त्यांना सूतकताई शिकायला लावली होती, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. गंमत म्हणजे त्या वेळी ‘लाइफ’ने त्याला ठळक जागा दिली नाही, ते जगभर पोहोचले ते गांधीजींच्या हत्येनंतर.

उपग्रह आणि केबल यांच्या काळात दोन माणसांनी ही वाट ताब्यात घेतली. टेड टर्नर यांनी अटलांटामधील एक किरकोळ दूरचित्रवाणी केंद्र १९७६ मध्ये उपग्रहावर चढवून देशभरच्या केबलचालकांना उपलब्ध करून दिले आणि त्या पायावर १ जून १९८० रोजी सीएनएन सुरू केले. जानेवारी १९९१ मध्ये बगदादवरील बाँबहल्ले सीएनएनने थेट दाखवले, आणि मुंबईतील पंचतारांकित हॉटेलांपासून गच्चीवर तबकडी बसवणाऱ्या गल्लीतल्या केबलवाल्यापर्यंत सर्वांना एका रात्रीत नवा धंदा दिसला. दूरदर्शनच्या एकाधिकाराला पडलेली ती पहिली मोठी भेग होती.

त्या भेगेतून आत आले रुपर्ट मरडॉक. ऑस्ट्रेलियात वडिलांकडून आलेल्या ॲडलेडच्या एका दैनिकापासून सुरुवात करून ब्रिटनमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. १९८५ मध्ये मेट्रोमीडिया कंपनीची न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो अशा महानगरांतील केंद्रे घ्यायची झाली तेव्हा कायदा आड आला: प्रसारण परवाना असलेल्या कंपनीत परकीयांचा वाटा पाव हिश्शाहून अधिक असू नये. मरडॉक यांनी ४ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि आपले ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडले. व्यक्ती बदलली तरी कंपनी ऑस्ट्रेलियनच होती. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, नियामक आयोगाच्या हे लक्षात आले की भांडवलाचा जवळजवळ सारा भाग परदेशी आहे. पण तोवर फॉक्स हे चौथे राष्ट्रीय जाळे उभे राहिले होते, आणि लोकहिताचे कारण देऊन आयोगाने त्यांना सूट दिली. सारनॉफच्या काळात जाळे तोडणारा आयोग तो हाच.

भारतात असा आडोसा मिळाला नाही, हे मला या साऱ्या कथेतील सर्वांत रंजक वळण वाटते. १९९३ मध्ये मरडॉक यांनी हाँगकाँगच्या ली का-शिंग कुटुंबाकडून स्टार टीव्हीचा मोठा हिस्सा ५२ कोटी ५० लाख डॉलरना घेतला. मनोरंजनात त्यांना मोकळे रान होते, पण २००३ मध्ये सरकारने वृत्तवाहिन्यांतील परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्के ठरवली, तेव्हा स्टारला कोलकात्याच्या आनंद बाजार पत्रिका समूहाला ७४ टक्के देऊन भागीदारी करावी लागली. २००७ मध्ये सुरू झालेली ‘स्टार माझा’ ही मराठी वृत्तवाहिनी याच भागीदारीतील. २०१२ मध्ये स्टारने नाव काढून घेतले आणि तिची ‘एबीपी माझा’ झाली. नाव बदलण्याची ती जाहिरात आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिच्या मुळाशी २६ टक्क्यांचा हा नियम होता, हे फार थोड्यांनी लक्षात घेतले. मनोरंजनाची ‘स्टार प्रवाह’ मात्र मरडॉक यांच्याकडून २०१९ मध्ये डिस्नेकडे आणि २०२४ मध्ये रिलायन्सबरोबरच्या एकत्रित कंपनीकडे गेली, तरी संध्याकाळच्या मालिका पाहणाऱ्याला काही जाणवण्याचे कारण नव्हते.

फॉक्स न्यूज ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाली तीसुद्धा वाटेचे पैसे मोजून. अमेरिकेत केबलचालक वाहिनीला दर वर्गणीदारामागे पैसे देतात. मरडॉक यांनी उलट केबलचालकांनाच दर घरामागे सुमारे दहा डॉलर देऊ केले. आपल्याकडच्या ‘कॅरेज फी’ची सवय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पुढे ही वाहिनी उजव्या राजकारणाचे मुख्य व्यासपीठ झाली, पण २०२० च्या निवडणुकीनंतर जे घडले ते सम्राटाच्या नेहमीच्या चित्रात बसत नाही. ॲरिझोना बायडेन यांच्याकडे गेल्याचे फॉक्सने सर्वांआधी जाहीर करताच तिचा प्रेक्षक चिडून दुसऱ्या वाहिनीकडे वळू लागला. डोमिनियन या मतदानयंत्र कंपनीने भरलेल्या बदनामीच्या खटल्यात बाहेर आलेल्या संदेशांतून दिसले की, निवेदक आणि अधिकारी मतदानातील घोटाळ्याच्या ज्या आरोपांवर खासगीत विश्वास ठेवत नव्हते, तेच आरोप प्रेक्षक टिकवण्यासाठी पडद्यावर येऊ दिले जात होते. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला. आपणच घडवलेल्या प्रेक्षकवर्गाला घाबरणारा मालक हर्स्टच्या दंतकथेत कुठेच नाही.

एकाच हातात सगळ्या वाटा गेल्या की काय होते, याचे छोटे उदाहरण नॉर्थ डकोटातील मायनॉट या गावाचे आहे. १९९६ च्या कायद्याने रेडिओ केंद्रांच्या मालकीवरील देशव्यापी मर्यादा उठवली आणि क्लिअर चॅनेल या कंपनीने काही वर्षांत सुमारे १२०० केंद्रे जमवली; मायनॉटमधील सहाही व्यापारी केंद्रे तिचीच होती. १८ जानेवारी २००२ च्या पहाटे गावाजवळ मालगाडी घसरून अमोनियाचा विषारी ढग पसरला. पोलिसांनी केंद्रात फोन लावले, ते कोणी उचलले नाहीत. पोलिसांनी आणीबाणीची यंत्रणा नीट वापरली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. लोकांना मात्र दार-खिडक्या बंद ठेवा एवढे चार शब्द वेळेवर ऐकू आले नाहीत. शेकडो जखमी झाले, एक जण दगावला.

आता वाट गूगल, मेटा आणि त्यांच्यासारख्यांकडे आहे, आणि ज्या जाहिरातींवर डेने एका सेंटचा अंक उभा केला होता त्या जाहिराती तिकडेच गेल्या. जेफ बेझोस यांना २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट २५ कोटी डॉलरना मिळाला. इलॉन मस्क यांनी २०२२ मध्ये ट्विटरसाठी ४४०० कोटी डॉलर मोजले. वॉटरगेट उघडकीला आणणाऱ्या दैनिकाची आणि इतरांचे म्हणणे पोहोचवणाऱ्या पाटीची ही किंमत. परकीय मालकीची जुनी धास्तीही परतली: एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेसने टिकटॉकच्या चिनी मालकाला ते विकण्याची सक्ती करणारा कायदा केला, जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विश्वासू अमेरिकी खरेदीदार म्हणून अध्यक्ष ट्रम्प यांनी ज्यांची नावे घेतली, त्यांत रुपर्ट मरडॉक आणि त्यांचे चिरंजीव लॅकलन हेही होते.